ज्ञानेश्वरीचे दोन फोटो

करण आणि नितीनदाजींचं कशावरून वाजतं, ते तिसगावच्या निम्म्या पेठेला ठाऊक होतं. करणकडे आयफोन होता. दाजींकडे अँड्रॉइडमधला सगळ्यात मोठा, मागच्या बाजूला चार डोळे असलेला फोन होता. कुणी फोनला नाव ठेवलं की दोघांनाही आपल्या अकलेलाच ठेवल्यासारखं झोंबायचं.

करणच्या धाकट्या बहिणीला, ज्ञानेश्वरीला, सुरुवातीला त्याची मजा वाटायची. थोरली बहीण संस्कृती लग्न होऊन नेवाशाला गेली आणि पहिल्या दिवाळसणाला दाजी आले, तेव्हा पंगतीतच करणनं विचारलं होतं, हा फोन युरियाच्या गोणीवर फुकट मिळतो का म्हणून. दाजींचं नेवाशात खता-बियाण्याचं दुकान होतं. सगळे हसले, दाजीही हसले. मग हात धुऊन आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की तुझ्या फोनची चार्जिंग तुझ्या नोकरीपेक्षा जास्त टिकते का. करणला त्याच महिन्यात कंपनीतून कमी केलं होतं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आईनं, छबूबाईंनी, जावयाला आणखी एक करंजी वाढली आणि विषय तिथंच दाबला.

तो दबला नाही. पुढं करणनं जेसीबी घेतला, त्याचं बरं चाललं, पण दाजी घरी आले की दोघांचे फोन ताटाशेजारी असे मांडले जायचे, जसे झुंजीचे कोंबडे. कुणाचा आधी चार्ज होतो, कुणाचा पडल्यावर फुटत नाही, कुणाच्या फोनमध्ये चंद्रावरचे डाग दिसतात. चुलते, मावसभाऊ, शेजारचे, सगळ्यांनी बाजू घेतल्या होत्या. ‘आपला परिवार’ नावाच्या ग्रुपवर त्रेसष्ट माणसं होती आणि त्यात दोन तट होते. अप्पा, म्हणजे ज्ञानेश्वरीचे वडील कारभारी, बटनांचा फोन वापरायचे. ते म्हणायचे, पोरं हायेत, चालायचंच. करण एकोणतीस वर्षांचा होता आणि दाजी चौतीस.

ज्ञानेश्वरी राहुरीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. आठवडाभर तिथंच खोली करून राहायची, शनिवारी तिसगावला यायची. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती वाळवायची, चाळायची, तिचा कस काढायचा. रंग बघायला तिच्याकडे रंगीत चौकटींचं एक पुस्तक होतं. ढेकूळ हातात धरायचं आणि कुठल्या चौकटीशी जुळतं ते बघायचं. सत्ताविसावं लागलं होतं तिला. रंगानं ती काळी होती, आणि हे तिला लहानपणापासून इतक्या जणांनी इतक्या प्रकारे सांगितलं होतं की आता त्यात नवीन काही उरलं नव्हतं, असं तिला वाटत होतं.

मार्गशीर्षात कानिफनाथमामा स्थळ घेऊन आले. शेवगावकडची माणसं, मुलगा कल्याण, पुण्याकडे कंपनीत इंजिनिअर. मामांना बायोडेटासोबत एक चांगला फोटो हवा होता. नेमके त्या रविवारी दाजी आणि संस्कृती आलेले होते. संस्कृतीला पाचवा महिना होता.

“मी काढतो,” असं करण आणि दाजी एकदमच म्हणाले, आणि ज्ञानेश्वरीचा रविवार गेला.

आधी डाळिंबाच्या बागेत, मग ओट्यावर, मग पुन्हा बागेत. दाजी म्हणायचे हिरवी साडी नको, करण म्हणायचा हिरवीच पाहिजे. तिनं तीनदा साडी बदलली. उन्हात उभं राहून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा करण म्हणाला, डोळे बारीक करू नकोस, माझ्या फोनमध्ये सगळं जसंच्या तसं येतं. दाजी म्हणाले, जसंच्या तसं येतं म्हणूनच तर अडचण आहे. संस्कृतीला हसू आलं. तिनं ते पदरानं झाकलं, पण ज्ञानेश्वरीनं पाहिलं.

संध्याकाळी दोघांनी आपापला एक फोटो निवडला. कुठला पाठवायचा यावर एकमत होईना, तेव्हा करणनं दोन्ही ग्रुपवर टाकले. त्याचा ए, दाजींचा बी. खाली लिहिलं, मत द्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत डबा खाताना तिनं ते उघडलं. बी मधली मुलगी दुधासारखी होती. गाल गुळगुळीत, ओठ गुलाबी, नाकही थोडं बारीक झालेलं. दाजींनी चेहरा उजळायचं बटण शेवटापर्यंत ओढलं होतं. ए मध्ये रंग तिचा होता, पण हनुवटीवरचा व्रण गेला होता. आठवीत असताना करणच्या सायकलवरून पडली तेव्हाचा तो व्रण. करणनं तो पुसून टाकला होता, इतक्या सफाईनं की आपल्यालाच आरशात बघून खात्री करावी लागावी.

मतं पडत होती. एका चुलत्यानं लिहिलं होतं, बी मधली पोरगी कोणाची हाय, आपल्या घरातली तर दिसत न्हाई. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. मावशीनं लिहिलं, ए पाठवला तर बसा मग पोरगी घरात घेऊन. आणखी रांग. एक्केचाळीस मतं बी ला, सतरा ए ला. बी ला मत देणाऱ्यांची नावं तिनं वरून खालपर्यंत वाचली. सहावं नाव आईचं होतं.

डब्यातली अर्धी भाकरी तिनं तशीच झाकून ठेवली आणि आईला फोन लावला. म्हणाली, दोन्ही नको, माझ्या साध्या फोनमधला एक पाठवते. छबूबाई म्हणाल्या, आता दाजींचा मान ठेवला पाहिजे, पाठवूनबी झाला तो. आणि पुढं म्हणाल्या, एकदा माणसं घरात आली, तुझं शिक्षण बघितलं, बोलणं बघितलं, की रंगाकडं कोण बघतंय.

करण हरला होता. तो आठवडाभर ग्रुपवर काही बोलला नाही, आणि न बोलणारा करण हा बोलणाऱ्यापेक्षा वाईट असतो हे घरात फक्त ज्ञानेश्वरीला माहीत होतं.

माणसं पुढच्या रविवारी आली. कल्याण, त्याचे वडील, त्याची आत्या आक्काबाई आणि आणखी दोघं. नितीनदाजी संस्कृतीला घेऊन सकाळीच येऊन बसले होते; फोटो त्यांचा होता, त्यामुळे पाहुणेही आपलेच असल्यासारखं त्यांचं चाललं होतं. ज्ञानेश्वरी पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हा आक्काबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, जणू अजून कुणीतरी यायचं राहिलंय.

तरी पोहे झाले, चहा झाला. मग मुलामुलीला दोन शब्द बोलू द्या म्हणून दोघांना मागच्या अंगाला पाठवलं. कल्याण सावळाच होता, आवाज हळू. त्यानं तिच्या कामाबद्दल विचारलं. ती सांगत गेली, की माती खराब निघाली की शेतकऱ्याला ते कसं सांगावं हाच सगळ्यात अवघड भाग असतो. माणसं डोळ्यात पाणी आणून बघतात, जणू मी त्यांच्या आईला नाव ठेवलं. तो हसला नाही, ऐकत राहिला. मग म्हणाला, “फोटोपेक्षा वेगळ्या दिसता तुम्ही.”

“फोटोत मी फारशी नाहीच,” ती म्हणाली.

आता तो हसला. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. परत घरात जाताना डाळिंबाची एक फांदी वाटेत आली, ती त्यानं तिच्यासाठी बाजूला धरली. एवढंच झालं होतं. पण ज्ञानेश्वरीला त्या दहा पावलांत असं वाटून गेलं, की आईचं म्हणणं कदाचित खरं असेल.

आत आल्यावर आक्काबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. भावाचा फोन मागून घेतला, त्यात तो फोटो काढला, आणि फोन सरळ तिच्या गालाला लावून धरला. थंड काच गालाला टेकली. आक्काबाई एकदा काचेकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. रोज ढेकळांशी चौकटी जुळवणारी ज्ञानेश्वरी मान न हलवता बसली.

“ही ती न्हाई,” आक्काबाई म्हणाल्या.

कल्याण म्हणाला की आत्या, फोटोत थोडं उजळ येतंच सगळ्यांचं. विषय तिथं मिटला असता. कल्याणच्या वडिलांनी टोपी सारखी केली होती, अप्पा शेताचं काहीतरी बोलायला लागले होते. पण दाजींना राहवलं नाही. ते म्हणाले, तसं नाही, आमच्या फोनचा कॅमेराच तेवढा भारी आहे. उजेड कमी असला तरी माणसाचा मूळ रंग पकडतो, इथं खोलीत अंधार आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.

करण दारात उभा होता. आठवडाभर तो ह्याच वाक्याची वाट बघत असावा.

“मूळ रंग?” तो म्हणाला. “दाजी, पिठाच्या गिरणीत उभी केल्यागत दिसती ती. हा घ्या मूळ रंग.” आणि त्यानं आपला फोन आक्काबाईंच्या हातात दिला. ए चा फोटो. हा आयफोन आहे, ह्यात खोटं चालत नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. ग्रुपवर मी आधीच सांगितलं होतं, पण ह्यांना आपलीच टिमकी वाजवायची होती.

दाजी म्हणाले, उन्हात बघू ना मग. करण म्हणाला, चला, बघूच. कल्याणबरोबर आलेला एक जण, जो आतापर्यंत गप्प होता, तोही उठला. म्हणाला, माझ्याकडे दाजींचंच मॉडेल आहे, उजळायचं बटण बंद करून काढला तर काय फरक पडतो ते कळेल. सगळ्यांच्या तोंडावर एकाएकी तरतरी आली होती. मुलगी बघताना जे अवघडलेपण असतं ते पार गेलं.

“ज्ञानू, बाहेर ये,” करण म्हणाला. “उन्हात उभी राहा जरा.”

तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा सतरंजीचा धागा ओढत होते. “जा बाई,” ते म्हणाले. “मिटंल तरी एकदाचं.”

ती अंगणात उभी राहिली. दुपारचे बारा वाजले होते. तीन माणसं तीन फोन घेऊन तिच्यासमोर आली. डावीकडे बघ. पदर जरा मागं घे. हसू नकोस, तोंड मिट. दाजी म्हणाले की तिला भिंतीपाशी घ्या, पांढऱ्या भिंतीमुळे बरोबर येईल. करण म्हणाला, भिंतीपाशीच काळी दिसेल. ते तिच्याबद्दल नव्हे, फोनबद्दल बोलत होते, आणि म्हणून कुणालाच आवाज खाली करायचं कारण वाटत नव्हतं. शेजारची रंगुबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती.

ज्ञानेश्वरी कल्याणकडे बघत होती. तो ओट्यावर होता. आता हा म्हणेल की बस करा. तिला खात्री होती. तो खाली उतरला, खिशात हात घातला, आणि फोन बाहेर काढला.

“माझाही आयफोनच आहे,” तो करणला म्हणाला. “तुमचंच मॉडेल. थांबा, ह्यानं बघू.”

त्यानं फोटो काढला आणि दोघं डोकं जुळवून स्क्रीनकडे बघायला लागले. करणनं त्याच्या पाठीवर थाप मारली. रंग अगदी जुळला होता. कल्याण म्हणाला की तुमचं बरोबर आहे, आपल्याकडे जसंच्या तसं येतं. आपल्याकडे, असं तो म्हणाला. मागच्या अंगाला तिच्याशी बोलताना जो हळू आवाज होता, तो त्याचा नव्हताच जणू.

आक्काबाईंनी दोन्ही फोन हातात घेतले, लांब धरले, जवळ आणले. मग विचारलं, “हे हनुवटीवर काय हाय? ह्याच्यात दिसतंय, हिच्या भावाच्या फोटोत न्हाई.”

मग दाजी मोठ्यानं हसले. त्यांना हसू आवरेना. म्हणाले, आयफोनमध्ये खोटं चालत नाही म्हणे. आम्ही रंग लावला तर ह्यांनी व्रणच गिळला. करणनं त्यांच्या अंगावर धाव घेतली. मोठी माणसं मध्ये पडली. दाजी करणला म्हणाले की तुला माझ्या दुकानात पोती उचलायलासुद्धा ठेवणार नाही मी, आणि करण दाजींना म्हणाला की ह्यापुढं ह्या घरात पाऊल टाकलंस तर जेसीबीनं उचलून नेवाशाला टाकीन. जावयाला. पाहुण्यांच्या देखत. दाजींनी संस्कृतीला हाक मारली, म्हणाले पिशवी घे. ती रडत गाडीत बसली. ह्या सगळ्यात ज्ञानेश्वरी अंगणात तशीच उभी होती, कारण तिला आत जा असं कुणी सांगितलं नव्हतं.

नकार दोन दिवसांनी आला. कानिफनाथमामांनी फोनवर सांगितलं, मुलगी हुशार हाय म्हणाले, पण आत्याचं मन न्हाई. करणनं ग्रुपवर लिहिलं, ए पाठवला असता तर ही वेळ आली नसती. दाजींनी लिहिलं, ए दाखवला म्हणूनच मोडलं. पुन्हा दोन तट पडले आणि चार दिवस पुरेल एवढं बोलणं झालं. तिला कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी ती घरी गेली तेव्हा करणनं तिला एक मेसेज दाखवला, अगदी खुशीत. कल्याणचा होता. त्यानं विचारलं होतं, तो व्रण कुठल्या ॲपनं काढला, फार सफाईदार काम आहे. करण म्हणाला, “बघ, नकार दिला तरी माणूस कदर करतो.” त्याच्या तोंडावर खोडसाळपणा नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की हे तिला आवडेल.

नेवाशाहून संस्कृतीचा फोन येणं बंद झालं. दाजींनी तिच्या फोनमधून करणचा नंबर काढून टाकला, मग आईचाही. सातव्या महिन्यात तिला माहेरी आणायची होती, पहिलं बाळंतपण होतं. दाजींनी निरोप पाठवला की पाठवणार नाही. बाळंतपण इथंच होईल, माझ्या आईच्या हाताखाली. दाजींच्या आईचा हात कसा होता ते संस्कृतीनं एकदा दंडावर दाखवलं होतं. छबूबाईंनी तो निरोप ऐकला आणि चुलीपुढं बसून ज्ञानेश्वरीला म्हणाल्या, “तुझ्यापायी माझी दुसरी पोर अडकली.”

ज्ञानेश्वरीनं करणला सांगितलं, दाजींची माफी माग. करण म्हणाला, आधी त्यानं ग्रुपवर लिहावं की त्याचा फोटो खोटा होता. तायडीचा जीव टांगणीला लागलाय, असं ती म्हणाली. करण म्हणाला, तेच म्हणतो मी, दोन ओळी लिहायला काय जातं त्याचं.

संस्कृतीला नववा लागला तेव्हा ती रजा टाकून नेवाशाला गेली. दाजी दुकानात होते. त्यांनी तिला स्टूल दिलं, चहा मागवला. एका गिऱ्हाईकाला बियाण्याची पिशवी दिली, त्याला पिकाची काळजी नीट समजावली, आणि मग तिच्याकडे वळले. ती काय विचारायला आलीये ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, करणच्या माफीत मला रस नाही, त्याच्या माफीला कोण विचारतंय. माझी बदनामी तुझ्या फोटोवरून झाली. तर तूच मिटव.

“कसं?” तिनं विचारलं.

“ग्रुपवर लिही. बी मधला फोटो खरा हाय. मी तशीच दिसते.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. दाजी चेष्टा करत नव्हते. ते अगदी साध्या आवाजात, खताचा भाव सांगावा तसं सांगत होते. म्हणाले, तू लिहिलंस की संपलं. संस्कृतीला उद्याच्या उद्या गाडीनं पोचवतो.

आतल्या दाराशी संस्कृती येऊन उभी होती. पोट वर आलेलं, चेहरा उतरलेला. ती बहिणीच्या हातातल्या फोनकडे बघत होती.

ज्ञानेश्वरीनं तिथंच स्टुलावर बसून लिहिलं. बी मधला फोटो खरा आहे. मी तशीच दिसते. दाजींनी आपल्या फोनवर ते वाचलं, मान हलवली, आणि तिचा चहा गार झाला म्हणून दुसरा सांगितला.

तिसगावच्या गाडीत बसेपर्यंत ग्रुपवर पन्नास उत्तरं आली होती. हसणारी तोंडं, टाळ्या. एकानं तव्याचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, हाबी गोराच हाय. मावशीनं लिहिलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय, बघा जरा. करणनं काही लिहिलं नाही. ती घरी पोचली तेव्हा त्यानं तिच्याशी बोलणं सोडलेलं होतं, ते पुढंही सोडलेलंच राहिलं. दाजी जिंकले ते तिच्या तोंडून, एवढंच त्याच्या मनात बसलं.

दाजींनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. छबूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला घरात घेतलं, अंथरूण घातलं. ज्ञानेश्वरीनं तिचे पाय चेपले. सुजलेले होते. पंखा फिरत होता, बाहेर अप्पा कुणाशी तरी डाळिंबाच्या तोडणीचं बोलत होते.

मग संस्कृती म्हणाली, “असं कशाला लिहिलंस गं? दुसरं काहीतरी लिहायचं.”

“दाजींनी तेच सांगितलं.”

“ते सांगतील. आपल्याला कळायला नको का? सकाळपास्नं माझ्या नणंदा हसत्यात. माझंच तोंड खाली झालं.” तिनं पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

ज्ञानेश्वरीनं पांघरूण बहिणीच्या पायांवर सारखं केलं, आपली पिशवी भरली आणि स्टँडवर आली. आईला सांगितलं की उद्या लवकर कामावर जायचंय. आई म्हणाली, जा.

राहुरीच्या खोलीवर पोचल्यावर तिनं ग्रुप सोडला. ती गेली हे बाकीच्यांच्या ध्यानात यायला नऊ दिवस लागले, तेही संस्कृतीला मुलगी झाली आणि सगळ्यांनी आपापल्या फोनवरून बाळाचे फोटो टाकले तेव्हा. बाळ कुणासारखं दिसतं यावर बोलणं चाललं होतं, आणि कुणीतरी विचारलं की ज्ञानेश्वरी काहीच कशी बोलली नाही.